अध्यासन कलिन्यात नको, पोलादपुरात हवे

महाराष्ट्रातील विद्यापीठांत अध्यासनांची वाण नाही. संतांच्या, समाजसुधारकांच्या, राष्ट्रपुरुषांच्या नावाने ती स्थापन होतात. उद्घाटनाला मंत्री येतात, जयंतीला व्याख्यान होते, पुण्यतिथीला प्रतिमेला हार पडतो आणि उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस त्यातल्या अनेक अध्यासनांच्या खोलीत टेबल, कपाट आणि एक कंत्राटी लिपिक यांखेरीज फारसे काही नसते. अशा स्थितीत आणखी एका अध्यासनाची मागणी करणे म्हणजे थट्टेला निमंत्रण देणे होय. त्यातून विषय लैंगिक आरोग्याच्या मानसशास्त्राचा असेल तर विचारायलाच नको. एक वर्ग ऐकताक्षणी कानांवर हात ठेवेल, दुसरा वर्ग आपल्या पुरोगामित्वावर शिक्कामोर्तब झाले म्हणून टाळ्या पिटील. या दोन्ही प्रतिक्रिया बाजूला सारून ही मागणी गांभीर्याने करायला हवी आणि हे अध्यासन रायगड जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला, महाड-पोलादपूरच्या परिसरात असावे, असा आग्रहही धरायला हवा.

महाडच का? १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. तेव्हा या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. तो संबंध सात वर्षांनी न्यायालयात जुळला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे अश्लील ठरवून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला आणि त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लोक आपली अडचण घेऊन येतात, त्यांना जाणत्याने उत्तर द्यायचे नाही काय, असा त्या बचावाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तोही बाबासाहेबांच्याच वतीने, आणि तोही फेटाळला गेला. महाडला दरवर्षी मार्चमध्ये लाखोंची गर्दी लोटते. त्या गर्दीला बाबासाहेबांच्या कार्याची ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

कर्वे हे विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. प्रचार थांबवा अथवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. सनातनी हिंदू समाजाने कर्व्यांना छळले, ही गोष्ट आपल्याकडे आवर्जून सांगितली जाते आणि ती खोटीही नाही. परंतु त्यांना प्राध्यापकपद सोडायला लावणारी संस्था ख्रिस्ती मिशनऱ्यांनी स्थापन केलेली होती, हे सांगताना मात्र अनेकांची स्मरणशक्ती दगा देते. असो. त्यानंतर १९५३ मध्ये निधन होईपर्यंत या माणसाने पदराला खार लावून मासिक चालवले. आज ज्याला आपण अध्यासन म्हणतो त्याचे काम त्यांनी वेतनाशिवाय, खोलीशिवाय आणि लिपिकाशिवाय केले. वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे हे सदर म्हणजे मराठी समाजाच्या मनातील भीतीचा पाव शतकाचा दस्तऐवज आहे.

ती भीती आजही जिवंत आहे. मुंबई-गोवा महामार्गाने महाड ओलांडून पोलादपूरकडे निघावे आणि पुढे कशेडी वा आंबेनळी घाटाला लागावे. अशा रस्त्यांवरच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि एसटी थांब्यांच्या पाठीवर ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘खात्रीशीर इलाज’ अशा पाट्या महाराष्ट्रात कोठेही दिसतात. त्या चालतात, कारण गिऱ्हाईक आहे. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा स्वप्नावस्थेने घाबरतो, अंगातली ताकद निघून चालली असे त्याला वाटते, अभ्यासावरून मन उडते. बापाला विचारता येत नाही, मित्रांना विचारावे तर हसे होते. मग तो पाटीवरचा क्रमांक फिरवतो. १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. शरीराच्या सात धातूंपैकी शुक्र हा शेवटचा आणि सर्वांत सारभूत, ही आयुर्वेदातील कल्पना लोकमानसात विकृत होऊन उतरली आणि तिच्यातून हा आजार घडला, हे त्यांनी ओळखले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही पुढे त्याची दखल घेतली गेली. पाश्चात्त्य ग्रंथांत हा रोग शोधून सापडला नसता. तो सापडला, कारण रुग्ण काय म्हणतो हे त्याच्याच भाषेत ऐकणारा वैद्य समोर बसला होता.

स्त्रियांची गोष्ट याहून अवघड. ‘अंगावरून पांढरे जाते’ या तीन शब्दांत पोलादपूरच्या वाडीवरची बाई जे सांगते त्यात कधी जंतुसंसर्ग असतो, कधी रक्तक्षय, आणि कधी शब्दांत न मावणारे दुःख. या भागातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचा चाकरमानी. पूर्वी गिरणीत, १९८२ च्या संपानंतर मिळेल तिथे. तो गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो. वर्षातले दहा-पंधरा दिवस एकत्र काढणाऱ्या दांपत्याच्या मनःस्वास्थ्याचा विचार कोणत्या शास्त्राने करायचा? कुटुंबव्यवस्था हा आपल्या संस्कृतीचा कणा आहे, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी कोकणातील या विभागलेल्या कुटुंबाकडे कितीदा पाहिले? गृहस्थाश्रमाला चारही आश्रमांचा आधार म्हणणाऱ्या आणि काम हा पुरुषार्थ मानणाऱ्या परंपरेला हा विषय परका नाही. त्याबद्दल बोलायची लाज कधीपासून वाटू लागली, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

एड्सच्या साथीने हा विषय सरकारी दवाखान्यात आणला, हे मान्य करावे लागेल. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली, पुढे रुग्णालयांतून समुपदेशन व चाचणी केंद्रे आली. २००३ नंतर तर परदेशी प्रतिष्ठानांचा पैसाही मोठ्या प्रमाणावर आला. त्यातून अनेकांचे प्राण वाचले. पण या कामाचा मुख्य भर विषाणूवर आणि ‘जोखमीच्या गटां’वर राहिला. ज्याचा पैसा, त्याचा प्रश्न. ज्याला विषाणूची बाधा नाही पण लग्नानंतर दोन वर्षे पत्नीच्या जवळ जाण्याचे धैर्य झाले नाही, त्याच्यासाठी त्या केंद्रात रकाना नव्हता.

२००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणावरून महाराष्ट्रात वाद पेटला आणि शासनाने तो कार्यक्रम थांबवला. त्या साहित्यातील काही चित्रे आणि भाषा आपल्या शाळांना न पेलणारी होती, हा आक्षेप अनाठायी नव्हता. प्रश्न पुढचा आहे. नको ते साहित्य हटवल्यावर हवे ते कोणी लिहिले? विरोध करणाऱ्या संघटनांनी, शिक्षकांनी, पालकांनी आपल्या रीतीचे, आपल्या भाषेतले पुस्तक मुलांच्या हाती दिले असते, तर त्या विरोधाला तेज आले असते. मोकळी राहिलेली जागा मोबाइलच्या पडद्याने भरून काढली. आज त्या पडद्यावर काय दिसते, हे पालकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा अध्यासन हवे. मात्र खरी कसोटी त्यावर कोणाला बसवायचे याची आहे. विद्यापीठीय निवडीची एक ठरावीक वाट आहे: पीएच.डी., प्रसिद्ध शोधनिबंधांची संख्या, परिषदांतील प्रमाणपत्रे, त्यांचे गुण. या वाटेने येणारा उमेदवार नियमांत बसतो. विषयात बसेलच असे नाही. गणिताचे कर्वे या चाळणीतून खाली पडले असते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात १९४७ मध्ये या विषयाची संस्था उभारणारे आल्फ्रेड किन्से मूळचे कीटकशास्त्रज्ञ. गांधीलमाशीच्या जातीतल्या एका चिमुकल्या कीटकाच्या अभ्यासावर त्यांचा नावलौकिक होता. तेही पडले असते. किन्से यांचे निष्कर्ष आपण उचलण्याचे कारण नाही, त्यांच्या प्रश्नावलीचे भाषांतर करून वाड्यावस्त्यांवर वाटण्याचे तर नाहीच नाही. हजारो माणसांसमोर बसून ऐकण्याची त्यांची चिकाटी मात्र घेण्यासारखी आहे.

त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र रात्र विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसले. तोवर गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी चाळीसच्या आसपास दगावत. त्यांनी रुळवलेल्या प्राझोसिनच्या उपचाराने हे प्रमाण एकावर आले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे संशोधन छापले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. या कामासाठी कोणतेही अध्यासन त्यांना लाभले नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि साऱ्या जगाला ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे नव्याने पाहावे लागले. दोन्ही उदाहरणांत संशोधक रुग्णाच्या गावी राहत होता.

महाड आणि पोलादपूरची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठाचे उपयोजित मानसशास्त्राचे शिक्षण कलिना संकुलात चालते, म्हणजे पोलादपूरच्या वाडीपासून पावणेदोनशे किलोमीटरवर. हे अंतर घाटाचे नाही, मनाचे आहे. अध्यासन कलिन्यात स्थापन झाले तर वर्षातून दोन परिसंवाद होतील, मुंबईतलेच लोक मुंबईतल्याच लोकांना इंग्रजीतून ‘ग्रामीण वास्तव’ समजावतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट खुली केली आहे. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, पीएच.डी. नसली तरी दीर्घ प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तीला तीतून नेमता येते. मुदत थोडी, कमाल चार वर्षे, हे खरे. परंतु पाया घालायला तेवढी पुरेशी आहेत. निदान पहिली नेमणूक या वाटेने व्हावी. जोडीला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ स्त्री असावी, कारण वाडीवरची बाई पुरुषापुढे बोलणार नाही. संशोधन साहाय्यक त्याच तालुक्यांतील महाविद्यालयांचे पदवीधर असावेत. येथे मात्र सावधपणा हवा. लहान गावात एकाचे गुपित सायंकाळपर्यंत चावडीवर पोहोचते. रुग्णाची गोष्ट नोंदवणारा त्याच्या भावकीतला नसावा, वहीत नाव नसावे आणि वही कुलपात असावी, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागली नाही, तर दुसऱ्या महिन्यात कोणी दाराशी फिरकणार नाही.

आशा सेविकांना या कामात गृहीत धरू नये. त्यांच्या डोक्यावर नोंदवह्यांचा भार आधीच पुष्कळ आहे. नवे काम द्यायचे तर मानधनाची तरतूद अध्यासनाच्या निधीतच असावी. हा निधी औषध कंपन्यांकडून घेऊ नये. राज्य शासन, विद्यापीठ आणि कोकणातून मुंबईत जाऊन संपन्न झालेल्यांची मंडळे यांनी तो उभारावा. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला सढळ हाताने देणगी देणाऱ्या चाकरमान्यांच्या मंडळांना आपल्याच घराच्या या दुखण्यासाठी पैसे मागायला हरकत नसावी.

राहता राहिली मुलाखत. ती मुंबईतल्या वातानुकूलित दालनात न घेता पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात घ्यावी. उमेदवारांना आठ दिवस आधी बोलवावे, बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांशेजारी नुसते बसू द्यावे आणि आठव्या दिवशी समितीने एवढेच विचारावे की, ‘पांढरे जाते’ म्हणणाऱ्या स्त्रियांपैकी कितीजणींनी डॉक्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले आणि बाकीच्या गप्प का राहिल्या.