परवान्याचे डॉलर आणि शेर्पाचा वाटा

एव्हरेस्ट चढू इच्छिणाऱ्या परदेशी मंडळींचा वसंतातील परवाना नेपाळ सरकारने सप्टेंबर २०२५ पासून ११,००० वरून १५,००० डॉलरवर नेला. हौशी मंडळी ते भरतील. त्यांची काळजी आम्ही करत नाही. पण दोर बांधणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या शेर्पांचे काय? १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूत हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार ठार झाले. सरकारने दर कुटुंबाला आधी देऊ केले ४०,००० नेपाळी रुपये! शेर्पांनी काम रोखण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे विमा १० लाखांवरून १५ लाखांवर गेला. रुळावर गँगमन जातो तेव्हाची घासाघीस आपल्याला ठाऊक आहेच. परवान्याच्या रकमेतील ३० टक्के मृत व जायबंदी कामगारांच्या निधीत टाका, ही शेर्पांची तेव्हाची मागणी रास्तच होती. वाढलेल्या ४,००० डॉलरांतून तो वाटा आधी काढून ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.