वाळूतली अंडी मोजायलाच हवीत

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअरच्या उपसागरात मे-जूनमध्ये, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हॉर्सशू क्रॅब वाळूवर चढतात. मादी एका खळग्यात चारेक हजार अंडी पुरते, जवळपास वीतभर खोल. दक्षिण अमेरिकेतून उत्तर ध्रुवाकडे निघालेला रेड नॉट पक्षी इथे थांबतो आणि दोनेक आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करतो. पण त्याच्या चोचीला वरच्या पाच सेंटीमीटरमधलीच अंडी मिळतात. ती वर येतात लाटांनी वाळू ढवळली की, किंवा नंतर आलेल्या मादीने आधीचा खळगा उकरला की. म्हणून माद्या नुसत्या टिकून असून पक्ष्याचं भागत नाही. किनाऱ्यावर त्यांची दाटी व्हावी लागते.

हे अन्न मोजायचं कसं? साडेपाच-सहा सेंटीमीटर व्यासाची नळी पाच सेंटीमीटर खोल रोवायची, वाळू चाळायची, अंडी मोजायची. नळीत एक अंडं सापडलं तर हिशेबात चौरस मीटरला जवळपास चारशे होतात. अंडी झुबक्यांनी असल्यामुळे एक नळी रिकामी निघते आणि हातभर अंतरावरची हजारो दाखवते. भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा बदलला, वादळ येऊन गेलं, की आकडा पुन्हा हलतो. थोड्या नळ्यांवर काढलेल्या सरासरीवर कुणी विसंबू नये, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय जास्त किनाऱ्यांवर, जास्त नळ्या, दरवर्षी त्याच पद्धतीने रोवणं हा आहे. मोजणी बाजूला ठेवणं हा नव्हे.

अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा मत्स्य आयोग या खेकड्यांच्या पकडीचा कोटा ठरवताना समुद्रातल्या जाळ्यांवरून काढलेली त्यांची संख्या आणि पक्ष्यांची संख्या धरतो. 2022 मध्ये सुधारलेल्या गणिताने मादी पकडण्याची वाट पुन्हा मोकळी केली होती. लोकांनी मोठा विरोध केला आणि माद्यांचा कोटा शून्यच राहिला, हे बरं झालं. 1980च्या दशकात या उपसागरात रेड नॉट नव्वद हजारांच्या घरात दिसत. 2021 मध्ये सात हजारसुद्धा भरले नाहीत. दरम्यान 1990च्या दशकात ईल आणि शंख पकडायला आमिष म्हणून हे खेकडे बेसुमार उचलले गेले होते. न्यू जर्सीने 2008 मध्ये ही पकड पूर्ण थांबवली.

जाळ्यातली मादी मोजून पक्ष्याच्या ताटात किती पडलं ते कळत नाही. आयोगाने अंड्यांच्या घनतेचा आकडा कोट्याच्या गणितात घ्यावा, आणि तो वाढताना दिसेपर्यंत एकाही मादीच्या पकडीला परवानगी देऊ नये.