मूळव्याधीच्या पडद्याआड

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून रक्तदाब, मधुमेह, डोळ्यांचा मोतीबिंदु यांची चर्चा आतां जेवणाच्या पंक्तींतहि मोकळेपणानें होते. एका विषयाला मात्र अद्याप माजघराचें दारहि उघडत नाहीं. तो विषय म्हणजे शौचाच्या वेळीं पडणारें रक्त. घरांतील वडील मंडळी तें पाहतात, मनाशीं ‘मूळव्याध असेल’ म्हणतात, आणि सहा महिने इसबगोल व ताक यांवर काढतात. पुष्कळदां ती खरोखरीच मूळव्याध असते. परंतु मोठ्या आंतड्याच्या व गुदमार्गाच्या कर्करोगाची पहिली खूणहि तीच असूं शकते, आणि दोहोंतील भेद अनुभवी आजीबाईंच्या तर्कानें ठरत नाहीं. तो तपासूनच ठरतो. म्हणून या महिन्यांत आम्ही या नाजूक विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधीत आहों.

हा रोग एकाएकीं येत नाहीं. आंतड्याच्या अस्तरावर प्रथम मांसाचा एक लहान कोंब उगवतो. असे बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. कांहींचें रूपांतर कर्करोगांत होतें, व त्यास सामान्यतः दहा वर्षें किंवा अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधींत दुर्बिणीनें तो काढून टाकला, तर त्यापासून पुढें उद्भवणारा रोग टळतो. या सवडीचा लाभ घेण्यासाठींच कित्येक देशांनीं निरोगी दिसणाऱ्या माणसांचीहि सरसकट तपासणी सुरू केली. तिची रीत सोपी आहे. घरींच एका काडीनें मळाचा किंचित् अंश नळींत घालून पाठवावयाचा. त्यांत डोळ्यांस न दिसणारें रक्त आहे काय, हें प्रयोगशाळेंत पाहतात. तें आढळल्यास दुर्बिणीनें आंतडें तपासतात. अमेरिकेंतील मिनेसोटा येथें सुमारें ४६,००० लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांची तपासणी दरवर्षीं होत होती, त्यांच्यांत या रोगाचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले होते. जपाननें १९९२ पासून व इंग्लंडनें २००६ पासून ही तपासणी राष्ट्राच्या आरोग्य-व्यवस्थेंत सामील करून घेतली.

मग आपल्याकडे ती कां नाहीं, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. केंद्र सरकारनें २०१६ सालीं तीस वर्षांवरील लोकांसाठीं तपासणीची जी योजना आखली, तींत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आंतड्याचा नाहीं. यामागें हिशेब आहे. आपल्या देशांत हा रोग वर्षाकाठीं लाख वस्तीमागें सुमारें पांच जणांस होतो. जपानांत व पश्चिमेकडील कित्येक देशांत तीसांहून अधिक जणांस. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील इंझोरी हें गांव घ्या. इंझोरी व भोंवतालचीं खेडीं मिळून दहा हजार वस्ती धरली, तर सरासरीनें दोन वर्षांत एक रोगी निघेल. त्या एकासाठीं पन्नाशी उलटलेलीं हजार माणसें तपासलीं, तर पन्नासएक जणांच्या परीक्षेंत रक्त निघावें, आणि त्या पन्नासांनीं जुलाबाचें औषध घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून, अकोला-अमरावतीसारख्या शहरीं दुर्बिणीसाठीं जावें. त्यांतील बहुतेकांस कर्करोग नसणार. तंबाखूपायीं तोंडाचा कर्करोग जेथें घरोघर ऐकूं येतो, तेथें आरोग्यसेविकेचा वेळ प्रथम तिकडे लागावा हें न्याय्यच आहे.

परंतु येथें एक भेद ध्यानांत धरावा. कांहींहि होत नसलेल्या माणसास बोलावून तपासणें निराळें, आणि ज्यास लक्षण दिसत आहे त्यास तपासणें निराळें. वरील हिशेब पहिल्याचा आहे. इंझोरींत सरसकट तपासणी नाहीं म्हणून तेथील रक्त पडणाऱ्या गृहस्थानें स्वस्थ बसावें, असा अर्थ कोणी काढील तर घात होईल. गुदमार्गांतील पुष्कळ गांठी वैद्याच्या बोटासच लागतात. त्या पहिल्या परीक्षेस शहर लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं, दोन मिनिटांचा संकोच सोडावा लागतो.

या बाबतींत सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीचें उदाहरण मोलाचें आहे. तेथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गांवें तिच्या कक्षेंत घेतलीं गेलीं. कार्यकर्ते केवळ आंकडे टिपून परतत नसत. ते गांवकऱ्यांस रोगाच्या खुणा समजावून सांगत व संशयितास रुग्णालयाची वाट दाखवीत. कांहीं वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या, असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. तो रोग निराळा खरा. परंतु त्याच्याहि आड संकोचच उभा होता, आणि तो समजुतीच्या चार शब्दांनीं हलला.

हे शब्द एकत्र कुटुंबांत बोलणें सोपें असावें, पण तसें होत नाहीं. सासूबाई सुनेपाशीं बोलत नाहींत, आजोबा मुलापाशीं बोलत नाहींत. म्हणून खुणा सर्वांसच ठाऊक असाव्या : शौचावाटे रक्त, शौचाची नेहमींची संवय कांहीं आठवडे बदललेली राहणें, कारणावांचून वजन घटणें, आणि रक्तक्षय. पाळी गेलेल्या बाईच्या किंवा कोणाहि पुरुषाच्या रक्तांत लोह कमी निघालें, तर लोहाच्या गोळ्या देऊन थांबूं नये. रक्त कोठें जात आहे याचा शोध घ्यावा. वयानें लहान म्हणून कोणास वगळूंहि नये. आपल्याकडे हा रोग तरुणांतहि आढळतो.

आणखी एक गोष्ट केवळ कुटुंबानेंच करण्याजोगी आहे. आपल्यापैकीं अनेक घराण्यांनीं कुलवृत्तांत छापले आहेत. त्यांत जन्मगांव, शिक्षण, नोकरी, विवाह, मृत्यूचें वर्ष हें सर्व मिळतें. मृत्यु कशानें झाला हें क्वचितच मिळतें. फार तर ‘पोटाच्या विकारानें’ एवढें असतें. वस्तुतः आईबाप किंवा सख्खीं भावंडें यांपैकीं कोणास हा रोग झाला असेल, तर घरांतील इतरांनीं वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, अथवा त्या नातलगास रोग झाला त्या वयाच्या दहा वर्षें आधीं, यांपैकीं जें अगोदर येईल तेव्हां, वैद्याच्या सल्ल्यानें दुर्बिणीची तपासणी सुरू करावी असा संकेत आहे. ज्या घरांत आजोबांचें दुखणें ‘पोटाचें’ म्हणून संपलें, तेथें नातवास हा नियम कळूनहि उपयोगाचा नाहीं.

तेव्हां येत्या दिवाळींत भावंडें एकत्र जमतील त्या वेळीं वहीचें एक पान यासाठीं उघडावें; कोण, कितव्या वर्षीं, कशानें, एवढेंच लिहावें. मरणाचें कारण लिहिण्यांत अशुभ कांहीं नाहीं. आणि घरांतील वडील माणसानें ‘मूळव्याधच आहे’ असें म्हणून विषय मिटविला, तर मुलानें किंवा सुनेनें नम्रपणें परंतु न चुकतां विचारावें, ‘हें कोणी तपासून सांगितलें?’