वर्गणीची वही

2020च्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत कोविडसाठी ताप-खोकल्याचं सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हा हातात मतदार यादी होती. पहिल्याच गल्लीत ती निकामी ठरली. पोटमाळ्यावरचे भाडेकरू, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे, उपचारासाठी गावाहून आलेली एक आजी, यांतलं कुणीच तीत नव्हतं. मग गणेश मंडळाच्या एका मुलानं वर्गणीची वही आणली. कुठल्या मजल्यावर कोण राहतं, किती वाजता घरी सापडतं, सगळं पेनानं लिहिलेलं. त्याच पानांच्या समासात आम्ही तापमान आणि ऑक्सिजनचे आकडे लिहीत गेलो.

साथीत दार कुणासाठी उघडतं, यावर पुढचं सगळं ठरतं. 1897च्या प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलात सैनिक घराघरांत शिरले आणि लोक रुग्ण लपवू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले रुग्णांना हडपसरला आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणत होत्या. त्या सेवेतच प्लेग होऊन 10 मार्चला त्या गेल्या. धारावीतही 2020 मध्ये तिथलेच खासगी डॉक्टर पीपीई चढवून गल्ल्यांत उतरले. आवाज ओळखीचा होता.

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या पथकांत शासनानंही स्वयंसेवक घेतले. मोहीम संपली, प्रमाणपत्रं वाटली आणि आपण त्या मुलांना विसरलो. हे मला फार लागतं. त्यांतले कित्येक स्वतः आजारी पडले, घरी संसर्ग घेऊन गेले. त्यांचा विमा कुणी काढला होता?

डॉक्टर मित्रांनो, पावसाळ्याआधी एक संध्याकाळ आपल्या भागातल्या मंडळाला, महिला बचत गटाला द्या. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश पुसायची, बोट गार असेल तर चोळून ऊब आणायची, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं, हे हातात यंत्र देऊन करून घ्या. 94च्या खाली आकडा दिसला की फोन कुणाला करायचा, ते आधी ठरवा. रुग्णाचं नाव गल्लीत फुटता कामा नये, हेही तेव्हाच सांगा. आमच्याकडे एकदा फुटलं आणि पुढची आठ घरं बंद झाली. आणि डेंग्यूच्या दिवसांत टाक्या, पिंपं तपासायला याच मुलांना सोबत घ्या, म्हणजे वही चालू राहील.