आठी घाला, बिझी दिसा!

ऑफिसात दोन प्रकारची माणसं असतात. कामात असणारी आणि कामात दिसणारी. इन्क्रिमेंट कोणाला मिळतं, हे मी वेगळं सांगायला नकोच!

बिझी दिसणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, महाराजा. त्याला साधना लागते. सगळ्यात जुना फंडा फाइलचा. रिकाम्या हातानं पॅसेजमधून गेलात तर तुम्ही चहाला चाललात. हातात फाइल असली की मीटिंगला. चाल भरभर हवी आणि कपाळावर आठी मस्ट! हसतमुख माणसाला लगेच कोणीतरी काम चिकटवतं. वैतागलेल्याला मात्र ‘अरे, त्याला नको, तो आधीच लोडमध्ये आहे’ असं सर्टिफिकेट मिळतं. दुसरा फंडा स्वेटरचा. तो खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवायचा. साहेब कुठंही असोत, स्वेटर ड्युटीवर!

पुढं कॉम्प्युटर आले. १९९० मध्ये विंडोजबरोबर सॉलिटेअर आलं आणि बॉसची चाहूल लागताच पत्ते गायब करणारी बोटं तयार झाली. आता घरून काम करणाऱ्यांच्या मानेवर टीम्सचा हिरवा ठिपका बसलाय. पाच मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा. मग आपोआप माउस हलवणारी यंत्रं बाजारात आली. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा देखावा केल्यावरून डझनाहून जास्त लोकांना घरी पाठवल्याची बातमी होती. म्हणजे यंत्र काम करतंय आणि माणूस काम करतोय असं भासवतोय. कलियुग, दुसरं काय!

मी येतो खुटबावहून. ‘कुठं आलं हे?’ असं विचारू नका. पुणे-दौंड लाइनवर यवतच्या पुढं, केडगावच्या अलीकडं. आमच्या भागात ऊस आणि गुऱ्हाळं. तिथं जाऊन जरा बिझी दिसून दाखवा! काहिलीत रस उकळत असतो. वरची मळी काढायची, खाली चुलवाणात चिपाडं सारायची. गुळव्याचं लक्ष हटलं की गूळ लागलाच. तुमच्या कपाळावरच्या आठीला काहील भीक घालत नाही. पण एकदा आदण उतरलं, गूळ साच्यात पडला, की तोच गुळव्या बाजेवर खुशाल आडवा होतो. ‘काय रे, रिकामा?’ असं त्याला कोणी विचारत नाही. कारण ढेप समोर दिसत असते.

गोम आहे ती इथं. आपली ढेप दिसत नाही. दिवसभर मेल, एक्सेल, कॉल, परत मेल. संध्याकाळी दाखवायचं काय? काम दाखवता येत नाही, म्हणून माणूस स्वतःलाच दाखवत बसतो.

नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रजानं १९५५ मध्येच हे ओळखलं होतं. जेवढा वेळ द्याल तेवढं काम फुगतं, हा त्याचा नियम. पुरावा म्हणून त्यानं ब्रिटिश आरमाराचे आकडे दिले. १९१४ मध्ये मोठ्या युद्धनौका होत्या ६२, १९२८ मध्ये उरल्या २०. आणि मुख्यालयातले अधिकारी? २,००० वरून ३,५६९! जहाजं कमी झाली, पण सगळे जाम बिझी.

हसू येतं ना? पण ह्या नाटकाचं बिल संध्याकाळी येतं. काम साडेपाचला संपलेलं असतं. बॉस बसलाय म्हणून आपण बसलेलो, आणि त्याचा बॉस बसलाय म्हणून तो बसलेला. पुणेकर उशिरा का होईना, बाइकला किक मारून घरी जातो. मला दौंडची गाडी. एक्स्प्रेस खुटबावला नुसती शिट्टी मारून निघून जाते. आपली पॅसेंजर चुकली की पुढच्या गाडीनं घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली. सकाळी तिला काय सांगू, ‘बाबा लॅपटॉपकडं आठी घालून बघत होता’ म्हणून?

म्हणून गेले काही महिने मी ढेप दाखवायला लागलोय. निघायच्या आधी बॉसला तीन ओळींचा मेल. आज काय संपलं, काय अडलंय, उद्या काय करणार. बस्स. मेल पाठवला की बॅग उचलायची आणि, महत्त्वाचं म्हणजे, चोरासारखं न बघता निघायचं. पहिल्या आठवड्यात बॉसच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या खाली आल्या. तिसऱ्या आठवड्यात टीममधल्या दोघांनी हळूच माझ्याकडून मेलचा नमुना मागून घेतला. ते दोघंही पुण्यातच राहतात, त्यांना गाडी-बिडी काही पकडायची नसते. त्यांना फक्त उजेडात घरी जायचं होतं.

तुम्हीही करून बघा. आणि हो, हा कॉलम ऑफिसात वाचत असाल तर कपाळावर आठी घालून वाचा. लांबून रिपोर्ट वाचल्यासारखा दिसतो!