बालाची रविवारची शाळा

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आमची नजर प्रथम कचेरीकडे आणि कोर्टाकडे वळते. ते साहजिकच आहे. आज मात्र वाचकांना आम्ही दूर वेल्समधील बाला या तलावाकाठच्या लहानशा गावी नेत आहोत. तेथील कापेल तेगिद या मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिरापुढे थॉमस चार्ल्स या धर्मोपदेशकाचा पुतळा आहे.

चार्ल्स १७८४ साली मेथॉडिस्टांना मिळाला. खेड्यापाड्यांतले लोक निरक्षर. त्याने शिक्षक तयार केले, एका गावी काही महिने शिकवून झाले की त्यांना पुढच्या गावी धाडले आणि नंतर रविवारच्या शाळांचा प्रसार केला. आपल्याकडचे ख्रिस्ती बांधव जिला शब्बाथ शाळा म्हणतात तीच ही. फक्त तेथे नातवंडांबरोबर आजोबाही अक्षरे लावायला बसत. कोर्टाची भाषा इंग्रजी, पण शेतकरी वाचायला शिकला तो वेल्शमध्ये! १८०० साली मेरी जोन्स ही पंधरा वर्षांची विणकराची पोर वेल्श बायबलासाठी सुमारे २६ मैल चालत चार्ल्सच्या दारी आली.

१८४७ साली सरकारी अहवाल निघाला. वेल्श न जाणणाऱ्या तीन इंग्रज बॅरिस्टरांनी ती भाषा प्रगतीच्या आड येते असे ठरवून टाकले. दिवसाच्या अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात उरे त्याला छडी. पाटी अडकवणारे गुरुजी पुष्कळदा स्वतः वेल्शच असत. शिक्षक म्हणून हे लिहिताना आमची मान खाली जाते.

रविवारची शाळा मात्र वेल्शमध्येच चालू राहिली. (बालात शिकलेल्या थॉमस जोन्सने १८४१ मध्ये आपल्या ईशान्येत येऊन खासी भाषा रोमन लिपीत बसवली, हेही येथे नोंदवतो.) आज तेथील प्रार्थनामंदिरे ओस पडत आहेत, पण २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला आणि २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे नोंदवले.

आमच्या समितीत ठराव मराठीत होतात, आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांचीच नातवंडे आजोबांची मराठी सही वाचू शकत नाहीत. तेव्हा येत्या रविवारपासून सकाळी ९ ते ११ आम्ही देवळाच्या सभामंडपात बसणार आहोत. फळा मिळाला आहे, बाराखडीचे तक्ते हवेत. मुले कोणत्याही माध्यमाची चालतील. आजोबांनीही यावे.