सहायक आणि आश्रित

नाशिकसारख्या शहरात इंग्रजी शिकवणारी पती-पत्नी परदेशातील नोकरीचा विचार करू लागली, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. दोघांचेही इंग्रजीत एम. ए., दोघेही नेट किंवा सेट उत्तीर्ण, आणि पुष्कळदा दोघेही तासिका तत्त्वावर. शिकवलेल्या तासांचेच पैसे, उन्हाळ्याच्या सुटीत काही नाही, पुढील वर्षी नेमणूक होईलच याची खात्री नाही. अशा जोडप्याला पळपुटे म्हणणे किंवा त्याच्या जाण्याचे कोडकौतुक करणे, या दोन्ही प्रतिक्रिया आम्हांला सारख्याच उथळ वाटतात. आम्ही मराठीचे अध्यापक. आमच्या विषयाला परदेशात बाजारपेठ जवळजवळ नाही, म्हणूनच या प्रश्नाकडे थोडे दुरून पाहता येते. आमच्या मते खरा प्रश्न ‘जावे की न जावे’ हा नाही. कोणत्या नात्याने जावे, हा आहे.

ही वाट नवीही नाही. दिलीप चित्रे यांचा ‘कविता’ हा पहिला संग्रह १९६० मध्ये आला आणि त्याच वर्षी ते पत्नी विजू यांच्यासह इथिओपियाला गेले. तेथील माध्यमिक शाळांत त्यांनी सुमारे तीन वर्षे इंग्रजी शिकवले. सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत तेथील शाळांना शिक्षक हवे होते आणि त्यांतील कितीतरी भारतातून गेले. पुढे १९६७ मध्ये चित्र्यांनी संपादित केलेला मराठी कवितेच्या इंग्रजी अनुवादांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १९९१ मध्ये त्यांचा इंग्रजी तुकाराम आला. परदेशी गेल्यामुळेच हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण इंग्रजी शिकवण्यासाठी बाहेर गेलेला माणूस मराठीला अंतरतोच, हा समज मात्र या उदाहरणापुढे टिकत नाही.

आजच्या अर्जदारापुढील अडचण वेगळी आहे. तुम्ही काय शिकवले आहे, यापेक्षा तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे अनेक ठिकाणी आधी पाहिले जाते. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवण्याचा व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे भारतीयांना तेथे दार किलकिले झाले, पण ते सहायक शिक्षक म्हणून. ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली आणि भारताला त्यांतील दुसऱ्या, बाहेरच्या वर्तुळात ठेवले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये ‘जन्मभाषक हाच उत्तम शिक्षक’ या समजुतीला सरळ भ्रम म्हटले. आमच्या अभ्यासक्रमांत ही नावे परीक्षेपुरती येतात. नोकरीचा अर्ज लिहिताना मात्र आम्ही त्यांना विसरतो आणि इंग्रजी जणू आपल्या घरचीच आहे अशी बतावणी करू लागतो. अर्जात मराठीचा उल्लेख नसतो. मुलाखतीसाठी उच्चार घासूनपुसून ठेवलेले असतात.

ही बतावणी अपमानास्पद तर आहेच, शिवाय ती आपल्याच हिताच्या विरुद्ध आहे. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ सारखी उपपदे नाहीत. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. जपानी आणि कोरियन भाषांतही नेमके असेच आहे. उपपद कोठे घालावे आणि क्रियापद पुढे का आणावे, हे ज्याने स्वतः पाचवी-सहावीत धडपडत शिकले, त्याला सोलच्या विद्यार्थ्याची चूक आतून कळते. लंडनमध्ये जन्मलेल्याला ती केवळ चूक म्हणून दिसते. भाषा शिकलेली असणे हीच शिक्षकाची पहिली पात्रता आहे. नाशिकच्या वाङ्मयीन परंपरेला तर हे सांगावे लागू नये. मॅक्‌बेथचा ‘राजमुकुट’ करणारे कुसुमाग्रज याच गावचे, आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे वसंत कानेटकर याच गावात प्राध्यापकी करत होते. दोन भाषांमधील ये-जा ही येथे उणीव मानली गेली नाही. तीच कमाई होती.

जोडप्याच्या बाबतीत एक दुय्यमपण आणखी असते, आणि ते बहुधा पत्नीच्या वाट्याला येते. नोकरी पतीला मिळते, पत्नी ‘डिपेंडंट’ म्हणजे आश्रित म्हणून जाते, आणि अनेक देशांत त्या व्हिसावर तिला काम करता येत नाही. त्यात आपल्याकडची खास अडचण म्हणजे तिच्या पदव्या माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. मग राजपत्रातील नावबदल, विवाह नोंदणीचा दाखला, त्या दाखल्यावर पुन्हा मंत्रालयाचे आणि परराष्ट्र खात्याचे साक्षांकन. एवढे शिक्के जमवेपर्यंत तिचा अर्ज मागे पडतो. वास्तविक सौदी अरेबियात विद्यापीठांतील मुलींचे विभाग वेगळे चालत आले असून तेथे शिकवायला स्त्रियाच लागतात. म्हणजे काही ठिकाणी तिचीच निवड आधी होणे शक्य असते. म्हणून दोघांनी दोन स्वतंत्र अर्ज करावेत, दोन स्वतंत्र करार मागावेत, आणि निवास, मुलांची फी व परतीचे तिकीट कोणाच्या करारात आहे हे सहीपूर्वी वाचावे. परिस्थिती बिघडल्यास परतण्याची तरतूदही पाहावी. २०११ मध्ये लिबियातून आणि २०१५ मध्ये येमेनमधून भारत सरकारला आपल्या नागरिकांना बाहेर काढावे लागले होते, हे विसरण्याजोगे नाही.

राहिला मागे उरणाऱ्यांचा प्रश्न. दोन इंग्रजी शिक्षक गेले की तालुक्याच्या महाविद्यालयातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचे नुकसान होते, हे खरेच. चांदवड-सुरगाण्याकडून येणाऱ्या मुलाला मराठीतून इंग्रजीकडे नेणारा माणूसच हवा असतो. पण हे नुकसान टाळण्याचा भार त्या जोडप्याच्या त्यागावर टाकणे अन्यायाचे आहे. कायम अध्यापकाला निदान बिनपगारी रजेचा अर्ज तरी करता येतो. तासिकावाल्याला परतण्यासाठी जागाच नसते, कारण कागदोपत्री तो कधी येथे नव्हताच. रिक्त पदे भरली जात नाहीत तोवर त्याच्या जाण्याला स्थलांतर तरी कसे म्हणावे? ज्याला थांबण्याचा पर्याय दिलेला नाही, त्याच्या निष्ठेची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तेव्हा ज्यांना जायचे आहे त्यांनी खुशाल जावे. मात्र तेथे एकाने सहायक आणि दुसऱ्याने आश्रित होण्यात समाधान मानू नये. दोघांनीही शिक्षक म्हणून जावे, आणि अर्जातील भाषांच्या रकान्यात मराठी पहिली लिहावी.